दबाव गट वर्गात कसे शिकवावेत : नववी-दहावीसाठी सहा तासिकांची आखणी

राज्यशास्त्राच्या उत्तरपत्रिकांत एक वाक्य वर्षानुवर्षे भेटत आले आहे : "दबाव गट निवडणूक लढवत नाहीत, परंतु शासनाच्या धोरणावर प्रभाव टाकतात." वाक्य बरोबर आहे आणि त्याला गुणही मिळतात. मात्र ते लिहिणारी मुलगी आदल्याच आठवड्यात रिक्षा बंद असल्यामुळे स्थानकापासून शाळेपर्यंत पायी आलेली असते, तिच्या मामांच्या खिशात माथाडी कामगारांच्या संघटनेचे ओळखपत्र असते, आणि तिच्या गल्लीतील मंडळ मंडपाच्या परवानगीसाठी महापालिकेकडे खेटे घालत असते. या तिन्ही गोष्टींचा त्या वाक्याशी काही संबंध आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते. हा संबंध जोडून देण्यासाठी पुढील आखणी आहे. पस्तीस मिनिटांची एक, अशा सहा तासिका त्यासाठी लागतात. तासिका कमी मिळाल्या तर काय गाळावे, तेही ओघात सांगितले आहे.

मुंबईच्या शिक्षकाला या विषयासाठी उदाहरणे शोधत फिरावे लागत नाही. बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स १८३६ मध्ये येथे स्थापन झाले. जगन्नाथ शंकरशेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन उभी केली आणि ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन १९२० मध्ये याच शहरात भरले. म्हणजे मताधिकार सर्वांना मिळण्याच्या कितीतरी आधीपासून हे शहर संघटितपणे मागणी करायला शिकलेले होते.

तासिकांपूर्वीची तयारी

पहिली अडचण शब्दाची आहे. "दबाव आणला" हे मराठीत आपण चांगल्या अर्थाने क्वचितच म्हणतो. "हितसंबंध गुंतले आहेत" या शब्दप्रयोगालाही संशयाचा वास आहे. त्यामुळे "दबाव गट" हे नाव ऐकताच निम्म्या वर्गाचे मत तयार होते की हे काहीतरी बेकायदेशीर, निदान लाजिरवाणे प्रकरण असावे. उरलेल्या निम्म्या वर्गाला "चळवळ" हा शब्द आवडतो आणि चळवळ म्हणजे नेहमीच न्याय्य, असे त्याला वाटते. एकाच प्रकारच्या कृतीला आपल्या बाजूची असली की चळवळ आणि समोरच्याची असली की लॉबी म्हणण्याची ही सवय मोठ्यांचीच आहे आणि मुलांनी ती आपल्याकडूनच उचललेली आहे. म्हणून फळ्यावर सुरुवातीलाच हे शब्द शेजारी-शेजारी लिहावेत : संघटना, महासंघ, कृती समिती, समन्वय समिती, मंडळ, चेंबर, लॉबी, मोर्चा. प्रत्येक शब्द ऐकून मनात चांगले येते की वाईट, हे मुलांना हात वर करून सांगू द्यावे आणि ती संख्या शब्दापुढे नोंदवून ठेवावी. सहाव्या तासिकेच्या शेवटी तीच मोजणी पुन्हा करायची आहे.

दुसरी तयारी संविधानाची. अनुच्छेद १९ मधील तीन तरतुदी मुलांच्या हाती मूळ शब्दांत द्याव्यात : भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य, शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य, आणि संघटना किंवा संघ स्थापन करण्याचे स्वातंत्र्य. त्यासोबत या स्वातंत्र्यांवर वाजवी निर्बंध घालण्याची मुभा देणारी उपकलमेही द्यावीत, कारण अधिकार आणि त्याची मर्यादा एकाच कागदावर वाचल्याने पुढच्या चर्चेतील बरेच गैरसमज टळतात.

तिसरी तयारी सर्वांत नाजूक आहे. मुंबईतील कोणत्याही मराठी शाळेच्या एका वर्गात रिक्षाचालकाचा मुलगा, फेरीवालीची मुलगी, पोलीस शिपायाचा मुलगा आणि बँक कर्मचाऱ्याची मुलगी एकाच बाकाच्या आगेमागे बसलेली असतात. आपण "रिक्षाचालकांची संघटना" म्हणतो, तेव्हा वर्गातील एका मुलासाठी ते त्याच्या वडिलांचे वर्णन असते. मी पहिल्यांदा हा विषय कृतीतून शिकवला, तेव्हा भूमिका वाटताना एका मुलाला चालकांच्या बाजूने उभे केले, कारण त्याला घरून माहिती मिळेल असे मला वाटले. प्रवाशांची बाजू मांडणाऱ्या मुलांनी जवळच्या अंतराला नकार देणाऱ्या चालकांविषयी जे बोलायला सुरुवात केली, त्यानंतर तो मुलगा पूर्ण तासिका एक शब्दही बोलला नाही. ती चूक माझी होती. तेव्हापासून मी दोन नियम पाळतो : भूमिका नेहमी चिठ्ठ्या टाकून द्याव्यात, आणि आपल्याच घरची बाजू कोणाच्या वाट्याला आली तर ती बदलून घेण्याची मुभा कारण न विचारता द्यावी.

पहिली तासिका : घरातल्या संघटना

प्रत्येक मुलाला कोरी चिठ्ठी द्यावी आणि नाव न घालता एकच गोष्ट लिहायला सांगावी : घरातील, शेजारातील किंवा नात्यातील एखादी व्यक्ती कोणत्या संघटनेची, मंडळाची किंवा संघाची सभासद आहे? ठाऊक नसेल तर "माहीत नाही" असे लिहावे. गोळा झालेल्या चिठ्ठ्या वाचत फळ्यावर यादी करावी. रिक्षा-टॅक्सी युनियन, माथाडी, महापालिका कामगार, शिक्षक संघटना, मच्छीमार सोसायटी, व्यापारी संघ, डबेवाले, महिला बचत गट, गणेशोत्सव मंडळ, गृहनिर्माण संस्था अशी नावे साधारणपणे येतात.

आता यातील दबाव गट कोणते, हे ठरवण्यासाठी तीन प्रश्न वापरावेत. हा गट निवडणुकीत स्वतःचे उमेदवार उभे करतो का? शासनाने, महापालिकेने किंवा एखाद्या प्राधिकरणाने काही करावे अथवा करू नये, अशी त्याची मागणी असते का? आणि ती मागणी सभासदांच्या समान हितातून किंवा समान विचारातून आलेली असते का? पहिल्याचे उत्तर "नाही" आणि पुढच्या दोहोंचे "होय" असेल, तर तो दबाव गट. सोसायटीची समिती पाण्याची टाकी धुऊन घेते तेव्हा ती दबाव गट नसते; तीच समिती परिसरातील इतर सोसायट्यांसह कमी दाबाच्या पाण्याबद्दल विभाग कार्यालयात शिष्टमंडळ नेते तेव्हा ती त्या भूमिकेत येते. गणेशोत्सव मंडळाचेही तसेच. मूर्ती बसवणे हा उत्सव झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनंतर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींबाबत मूर्तिकार, मंडळांची समन्वय समिती आणि पर्यावरणवादी या तिघांनी शासनाकडे आणि न्यायालयात जे मांडले, ते मात्र या पाठाचा भाग आहे.

काही उदाहरणे चौकटीत बसणार नाहीत आणि ती बसवण्याचा आटापिटा करू नये. अनेक कामगार संघटना एखाद्या राजकीय पक्षाशी उघडपणे जोडलेल्या असतात. संयुक्त महाराष्ट्र समिती १९५६ मध्ये मुंबईसह मराठी भाषकांचे राज्य या एका मागणीसाठी स्थापन झाली, पण १९५७ च्या निवडणुकीत ती स्वतः उतरली आणि मुंबई-पश्चिम महाराष्ट्रात तिने मोठे यश मिळवले. मग तिला काय म्हणावे, हा प्रश्न वर्गापुढे मोकळा सोडावा. व्याख्या कुठे अपुरी पडते हे ज्या मुलाला सांगता आले, त्याला ती कळली असे समजावे.

दुसरी तासिका : रविवारची सुट्टी

या तासिकेत एकच प्रसंग घ्यावा आणि तो सावकाश उलगडावा. माझ्या मते संपूर्ण घटकातील ही सर्वांत मोलाची तासिका आहे. वेळेची काटकसर करायची झाल्यास इतर कोणतीही तासिका आखडावी, ही नको.

"रविवारी सुट्टी का असते?" असा प्रश्न विचारून सुरुवात करावी. "इंग्रजांमुळे", "चर्चमुळे", "सगळीकडेच असते म्हणून" अशी उत्तरे येतात. मग मुंबईच्या गिरण्यांकडे वळावे. गिरणीमालकांनी आपली संघटना, बॉम्बे मिलओनर्स असोसिएशन, १८७५ मध्येच स्थापन केली होती. १८८१ मध्ये हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा आला, पण त्याने मुख्यतः बालकामगारांपुरते नियम केले. साऱ्या कामगारांसाठी आठवड्याच्या सुट्टीची सक्ती त्यात नव्हती. महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यातील मागण्या मुलांकडून मोठ्याने वाचून घ्याव्यात : आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई. ही यादी ऐकताना वर्ग नेहमी "सूर्यास्त" या शब्दाशी थांबतो. सूर्यास्तापर्यंतच काम असावे ही सवलत म्हणून मागावी लागत होती, हे लक्षात येताच प्रत्यक्षात काय असेल याचा हिशेब मुले स्वतःच करू लागतात.

मागणी लगेच मान्य झाली नाही. १८९० मध्ये महालक्ष्मीला हजारो कामगारांची सभा भरली, तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली, आणि त्याच वर्षी मालकांनी रविवारच्या सुट्टीला मान्यता दिली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीची तरतूद केली, स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे सात तासांवर आणले. प्रौढ पुरुषांच्या तासांना मर्यादा येण्यासाठी मात्र १९११ उजाडावे लागले.

येथपर्यंत गोष्ट दोन बाजूंची आहे आणि मुले कामगारांच्या बाजूने उभी राहिलेली असतात. आता तिसरी बाजू आणावी. हिंदुस्थानातील गिरण्यांवर कामाच्या तासांचे निर्बंध यावेत यासाठी ब्रिटनमधून जोर लावणाऱ्यांत लँकेशायरचे, म्हणजे मँचेस्टर परिसरातले, कापड उत्पादक होते, कारण मुंबईचे स्वस्त कापड त्यांच्या मालाशी स्पर्धा करू लागले होते. म्हणजे परळच्या कामगाराला हवा असलेला कायदा मँचेस्टरच्या गिरणीमालकालाही हवा होता. एकाला विश्रांतीसाठी, दुसऱ्याला नफ्यासाठी. आणि त्याला विरोध करणारे मुंबईचे मालक हा परकीय कापडवाल्यांचा डाव आहे असे म्हणत, ते पूर्ण खोटे नव्हते. ही गुंतागुंत कळल्यावर वर्गात एक शांतता पसरते. हेतू स्वार्थी असला म्हणजे मागणी चुकीची ठरते का? मागणी न्याय्य असली म्हणजे तिला पाठिंबा देणारा प्रत्येक जण निःस्वार्थी असतो का? या दोन प्रश्नांवर मुलांना वहीत पाच-पाच ओळी लिहू द्याव्यात आणि शिक्षकाने त्या दिवशी स्वतःचे मत सांगू नये.

याच प्रसंगातून सहा प्रश्नांचे एक कार्ड तयार करावे, जे पुढे प्रत्येक तासिकेत लागेल : कोण मागत आहे? कोणाकडे मागत आहे? नेमके काय मागत आहे? कोणत्या मार्गाने मागत आहे? मागणी मान्य झाली तर किंमत कोण मोजणार? आणि या साऱ्या बोलण्यात कोण हजरच नाही? पहिली चार उत्तरे बातमीत सहसा सापडतात. शेवटची दोन मुलांना स्वतः शोधावी लागतात, आणि हा घटक मी मुख्यतः त्या दोन प्रश्नांसाठीच शिकवतो.

तिसरी तासिका : रस्त्यावरची आणि बंद दारामागची साधने

दबाव कसा आणतात, हे सांगताना मोर्चा, बंद आणि उपोषण यांपाशीच आपण थांबतो. ती साधने डोळ्यांना दिसतात, म्हणून सोपी असतात. त्यांतली दोन उदाहरणे जरूर द्यावीत. १९७२ च्या सुमारास मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महागाईविरोधात काढलेला लाटणे मोर्चा. स्वयंपाकघरातील लाटणे आणि थाळी यांना निशाण बनवल्यामुळे कधी घराबाहेर न पडलेल्या स्त्रियाही त्यात उतरल्या. दुसरे उदाहरण दहावीच्या मुलांना थेट भिडणारे आहे. मार्च २०१८ मध्ये अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी नाशिकहून सहा दिवस चालत मुंबईत आले. त्यांत वनहक्काची मागणी करणारे आदिवासी मोठ्या संख्येने होते. ते शीवच्या सोमय्या मैदानावर पोहोचले तेव्हा दहावीची परीक्षा सुरू होती. सकाळी मोर्चा निघाला असता तर मुलांना केंद्रावर पोहोचता आले नसते, म्हणून थकलेल्या पायांनी ते रात्रीच पुन्हा निघाले आणि पहाट होण्यापूर्वी आझाद मैदानावर पोहोचले. दबावाच्या साधनालाही शिस्त असते आणि ज्यांचा वादाशी संबंध नाही त्यांना त्रास किती द्यायचा हा निर्णय गटाने घ्यायचा असतो, हे मुलांना या एका रात्रीवरून समजते.

त्यानंतर आवाज न होणाऱ्या साधनांकडे यावे. केंद्रीय अर्थसंकल्पापूर्वी अर्थमंत्रालय उद्योगांच्या, कामगारांच्या आणि शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींना चर्चेला बोलावते. फिक्कीसारखे उद्योगांचे महासंघ कोणता कर किती असावा याची मुद्देसूद निवेदने तयार करतात. शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की "हरकती व सूचना" मागवल्या जातात. मुंबईचा २०१५ सालचा मसुदा इतक्या हरकतींना सामोरा गेला की राज्य शासनाने तो नव्याने तपासायला लावला. न्यायालय हाही एक मार्ग आहे. उमेदवारांनी गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांची माहिती प्रतिज्ञापत्रात द्यावी, हा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निर्णय असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या याचिकेतून आला. राजकीय पक्षांना रोख्यांतून देणगी देण्याची निवडणूक रोखे योजना १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरली, त्या प्रकरणातही हीच संस्था याचिकाकर्त्यांपैकी एक होती.

पैशाचा विषय येथे टाळू नये. मुले तो आडून-आडून विचारतातच. वस्तुस्थिती सांगावी : अमेरिकेत लॉबिंग करणाऱ्यांनी, म्हणजे एखाद्याच्या वतीने निर्णयकर्त्यांना भेटून त्याची बाजू पटवणाऱ्यांनी, नोंदणी करावी आणि कोणासाठी काम करतो ते जाहीर करावे, असा १९९५ चा कायदा आहे, भारतात लॉबिंगची नोंद ठेवणारा स्वतंत्र कायदा नाही. निवडणूक रोख्यांतून देणगीदाराचे नाव मतदाराला कळत नव्हते, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते मतदाराच्या माहितीच्या अधिकाराविरुद्ध ठरवले. एवढे सांगून थांबावे. कोणत्या पक्षाला किती मिळाले यावर वर्गात बोलणे सुरू झाले की पुढची वीस मिनिटे घराघरांतील राजकारण वर्गात उतरते आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो.

चौथी आणि पाचवी तासिका : रिक्षाभाड्याची सुनावणी

मुंबई महानगरातील रिक्षा-टॅक्सीचे भाडे मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवते. १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे, म्हणजे पहिल्या दीड किलोमीटरचे, २३ रुपयांवरून २६ रुपये झाले. या वाढीच्या प्रस्तावावर काल्पनिक सुनावणी घ्यायची आहे. सहा गट करावेत : चालकांची संघटना, रिक्षा भाड्याने देणारे मालक, ग्राहक संघटना, शेअर रिक्षाने जाणारे प्रवासी, बेस्टवर अवलंबून असलेले आणि कधीमधीच रिक्षा घेणारे लोक, आणि निर्णय देणारे पाच अधिकारी. चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटाव्यात. चौथ्या तासिकेत तयारी, पाचव्या तासिकेत सुनावणी. प्रत्येक गटाला तीन मिनिटे बोलण्यासाठी आणि दोन मिनिटे प्रश्नांसाठी द्यावीत.

तयारीच्या वेळी शिक्षकाने फिरत राहून एकच आग्रह धरावा, तो म्हणजे आकड्यांचा. "महागाई वाढली आहे" हे वाक्य कोणत्याही गटाला चालू देऊ नये. सीएनजीचा दर, दिवसाचे भाडे, देखभालीचा खर्च, दिवसातील फेऱ्या यांपैकी जे मुलांना विचारून आणता येईल ते त्यांनी आणावे. शाळेबाहेरच्या स्टँडवर दोन मुलांनी जाऊन नम्रपणे विचारले तर चालक बराच वेळ काढून हिशेब समजावतात. माझ्या एका वर्गातील मुलींनी आणलेल्या कागदावर एका चालकाने स्वतःच्या हाताने दिवसाचा जमाखर्च लिहून दिला होता : वर गॅस, खाली मालकाचे भाडे, त्याखाली चहा-जेवण, आणि सर्वांत शेवटी दुहेरी रेघ मारून उरलेली रक्कम. सुनावणीत त्या कागदाने जे काम केले, ते कोणत्याही भाषणाला जमले नसते.

अधिकाऱ्यांच्या गटाने नुसता निकाल देऊ नये. कोणाचा कोणता मुद्दा मान्य केला, कोणता अमान्य केला आणि का, असा पंधरा ओळींचा कारणांसह आदेश त्यांनी लिहावा.

सुनावणी संपल्यावर दहा मिनिटे राखून ठेवावीत आणि फळ्यावर साधे गणित मांडावे. समजा चालकाच्या दिवसाला किमान भाड्याच्या वीस फेऱ्या होतात. तीन रुपयांच्या वाढीने त्याला रोज ६० रुपये जास्त मिळतील. दिवसातून दोनदा रिक्षा घेणाऱ्या प्रवाशाला ६ रुपये जास्त द्यावे लागतील. आता विचारावे : सुनावणीसाठी एका दिवसाचे काम सोडून कोण जाईल? उत्तर मुले क्षणात देतात. प्रवासी चालकांच्या कितीतरी पट असूनही ते विखुरलेले असतात, प्रत्येकाचे नुकसान छोटे असते आणि दुसरा कोणीतरी बोलेल असे प्रत्येकाला वाटते. ज्यांचे पोट एकाच निर्णयावर अवलंबून असते ते एकत्र येतात. मुंबई ग्राहक पंचायतीसारखी संस्था १९७५ पासून का लागते, हे येथे आपोआप स्पष्ट होते.

मात्र एवढ्यावर सोडल्यास "चालक संघटित आहेत म्हणून ते बलवान" असा निष्कर्ष मुले काढतील, आणि तो अपुरा आहे. संघटित होणे सगळ्या गरजूंना सारखेच साधत नाही, हे दाखवण्यासाठी दोन कायदे शेजारी लिहावेत. माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा महाराष्ट्राचा कायदा १९६९ चा. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा. मध्ये एकोणचाळीस वर्षे गेली. माथाडी एका बाजारात, एका गोदीत, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून काम करतात. त्यांनी एक दिवस ओझे उचलले नाही तर बाजार बंद पडतो. धुणेभांडी करणारी बाई दिवसात चार घरांत जाते, प्रत्येक घरात ती एकटी असते आणि तिचा मालकही निराळा असतो. तिने काम थांबवले तर दुसरी मिळते. वर्गातील काही मुलींच्या आया हे काम करतात. हा भाग सांगताना मी आवाज खाली ठेवतो आणि कोणाकडेही पाहत नाही. एकदा तासिका संपल्यावर एक मुलगी टेबलाजवळ आली आणि तिने एवढेच विचारले, "सर, त्या मंडळात नाव कुठे नोंदवतात?" सहाव्या प्रश्नाचे, म्हणजे चर्चेत कोण हजर नाही याचे, उत्तर त्या वर्गाला मग मला वेगळे समजावावे लागले नाही.

वेळ कमी असल्यास चौथी-पाचवी एकत्र करून गट तीनच करावेत, पण गणिताची दहा मिनिटे कापू नयेत.

आरक्षण, धर्म किंवा भाषा यांवरील गटांविषयी मुले विचारणारच. ९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत निघालेला मराठा क्रांती मूक मोर्चा अनेकांच्या घरच्या आठवणींत आहे. हे विषय निषिद्ध करू नयेत आणि पहिल्या दिवशी घेऊही नयेत. सहा प्रश्नांचे कार्ड हाताळण्याची सवय लागल्यावर, म्हणजे पाचव्या तासिकेनंतर, त्याच कार्डाने ते पाहावेत. मागणी करणाऱ्या गटाची बाजू आणि त्या मागणीमुळे आपले काही जाईल असे वाटणाऱ्यांची बाजू, अशा दोन्ही एकाच विद्यार्थ्याकडून लिहून घ्याव्यात. निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना विद्यमान पक्ष आणि उमेदवार यांची नावे वर्गात आणू नयेत.

सहावी तासिका : स्वतःचे निवेदन

आता वर्ग स्वतःच एक गट आहे. शाळेच्या परिघातील एक छोटी, खरी अडचण मुलांनी मतदानाने निवडावी : फाटकासमोर पुसून गेलेले झेब्रा क्रॉसिंग, पदपथावरील उघडे झाकण, शाळा सुटण्याच्या वेळेला न येणारी बस. मोठे विषय आग्रहाने बाजूला ठेवावेत, कारण शहराचे प्रदूषण थांबवावे अशा निवेदनाला उत्तर देणे कोणत्याही अधिकाऱ्याला शक्य नसते.

मागणी नेमकी असावी म्हणजे काय, हे सांगण्यासाठी वरळी कोळीवाड्याचे उदाहरण द्यावे. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून तेथील मच्छीमारांच्या होड्या समुद्रात जाणार होत्या. दोन खांबांमधील अंतर ६० मीटर ठेवण्याचे महापालिकेने योजले होते. वारा आणि लाटा असताना एवढ्या जागेतून होडी खांबावर आपटण्याची भीती मच्छीमारांना होती. त्यांनी रस्त्याला सरसकट विरोध करण्याऐवजी एका मापावर बोट ठेवले, अंतर वाढवा. त्यासाठी काम अडवले, बैठका घेतल्या, आणि अखेर २०२२ च्या शेवटी १२० मीटरचे अंतर मान्य झाले. त्यांची मागणी याहून अधिक होती, हेही मुलांना सांगावे. तडजोड कशी दिसते ते त्यातून कळते.

निवेदनाचा मायना साधा ठेवावा. प्रति, महापालिकेचे विभाग कार्यालय, सहायक आयुक्त, विषय एका ओळीत, अडचण कोठे आहे, कोणत्या वेळी आणि किती जणांना होते, मुलांनी स्वतः मोजलेला आकडा, एकच मागणी, आणि कधीपर्यंत कार्यवाही अपेक्षित आहे ते. आकडा मोजण्यासाठी तीन दिवस, शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटे, शिक्षकाच्या देखरेखीखाली दोन-दोन मुले पुरतात. "खूप मुले रस्ता ओलांडतात" असे लिहिण्याऐवजी मोजलेली संख्या लिहिली की निवेदनाचे वजन बदलते. सह्या मुलांच्या, सोबत मुख्याध्यापकांचे पत्र. निवेदनाला "किंमत कोण मोजणार" हा प्रश्नही लावून पाहावा : फाटकासमोर गाड्या थांबवायला बंदी मागितली तर तेथे सरबत विकणाऱ्याचे काय, हे मुलांनी त्याला जाऊन विचारावे आणि त्याचे म्हणणे निवेदनात एका वाक्यात घालावे.

उत्तर न आल्यास माहिती अधिकाराचा अर्ज हा पुढचा टप्पा. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. अर्ज पालकाच्या किंवा शिक्षकाच्या नावाने करावा आणि "आमच्या अमुक तारखेच्या निवेदनावर काय कार्यवाही झाली, त्याची प्रत द्यावी" एवढेच मागावे. "कार्यवाही का केली नाही?" असा प्रश्न विचारला की उत्तर टाळायला वाट मिळते, कागदाची प्रत मागितली की तशी मिळत नाही.

मूल्यमापन

"दबाव गटांचे फायदे-तोटे लिहा" हा प्रश्न विचारू नये, कारण त्याची उत्तरे पाठ करता येतात. त्याऐवजी त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रातील एक कात्रण द्यावे आणि सहा प्रश्नांची उत्तरे मागावीत. दहा गुणांपैकी पहिल्या चार प्रश्नांना चार आणि शेवटच्या दोहोंना सहा गुण ठेवावेत. एखाद्या मुलाने बातमीत उल्लेखही नसलेला बाधित गट कारणासह शोधला असेल, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत, भाषा अडखळती असली तरी.

पहिल्या तासिकेआधी घेतलेली शब्दांची मोजणी सहाव्या तासिकेच्या शेवटी पुन्हा घ्यावी आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. "लॉबी" शब्दापुढचा आकडा फार बदलत नाही असा माझा अनुभव आहे. "मोर्चा" आणि "संघटना" यांपुढचे मात्र बदलतात, आणि दोन्ही दिशांनी बदलतात. मुलांना त्याची कारणे विचारून ती नोंदवून घ्यावीत.

निवेदन देण्यासाठी चार-पाच मुलांना सोबत न्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख व क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. ती पोच, मोजणीचे तक्ते आणि आलेले उत्तर एका फाइलमध्ये लावून वर्गाच्या कपाटात ठेवावे. वर्ग दहावी उरकून निघून जाईल तेव्हा काम अर्धेच झालेले असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून जूनमध्ये नव्या वर्गाला पहिल्या तासिकेत ही फाइल दाखवावी आणि पाठपुरावा कोण करणार, ते त्यांना ठरवू द्यावे.